दगड किलोवर घेऊ नका

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचं ठरलं, काच आली, स्टँड आला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणूंची वस्ती असलेला दगड, किती किलो घेऊ? याचं एक ठरलेलं उत्तर वर्षानुवर्षं चालत आलंय. गॅलनला एक ते दोन पौंड, म्हणजे आपल्या मापात लिटरला साधारण १२० ते २४० ग्रॅम. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. त्या हिशेबाने तीत ३० ते ६० किलो दगड भरायचा. मला हा हिशेब मुळातच पटत नाही. एवढ्या टाकीला चांगला सच्छिद्र दगड १५ ते १८ किलो पुरे, आणि तोही समुद्रातून काढलेला नको.

दगड लागतोच कशाला, इथून सुरुवात करू. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. दगडाच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथे आणखी वेगळे जिवाणू असतात. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून त्याला हवेत सोडून देतात. म्हणजे दगड हाच फिल्टर. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी निव्वळ समुद्रातले दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर टाक्या सांभाळल्या आणि १९६१ मध्ये त्याबद्दल लिहिलं. पुढे जर्मनीतल्या शौकिनांनी त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्या टाक्यांत सगळी भिस्त दगडावर होती, त्यामुळे तो भरभरून टाकणं समजण्यासारखं होतं.

पण वजन हे माप चुकीचंच आहे. दोन कोरडे तुकडे घ्या आणि बादलीभर पाण्यात सोडा. एक गुपचूप तळाला जातो. दुसऱ्यातून बुडबुड्यांच्या बारीक माळा निघायला लागतात, बराच वेळ थांबत नाहीत. फोडलात तर आत घावनासारखी जाळी दिसते. जिवाणूंना घर मिळतं ते या दुसऱ्यात. पहिला दहा किलो घेतलात तरी वापरात येणार त्याची फक्त वरची कातडी. तराजूवर मात्र पहिलाच भाव खाऊन जातो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिवाणू दगड बघून वाढत नाहीत, अन्न बघून वाढतात. टाकीत दोन क्लाऊनफिश आणि एक गोबी असेल, तर त्या तिघांच्या अमोनियावर जेवढे जिवाणू जगतील तेवढेच राहणार. वर आणखी वीस किलो दगड रचलात म्हणून पाणी जास्त स्वच्छ होत नाही. उलट मागच्या काचेला टेकवून भिंत उभी केली की तिच्यामागे प्रवाह मरतो. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा तिथे साचते. अशा भिंतीच्या फटीत पिचकारीने पाण्याचा एक झोत मारून पाहा. तपकिरी गाळाचा ढग उठतो आणि समोरचा मासा दिसेनासा होतो. हा गाळ नायट्रेट वाढवत राहतो. सर्जनफिशसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला जागाही उरत नाही. (तो मासा चार फुटांत ठेवूच नये, असं माझं मत आहे, पण तो वेगळा लेख.)

म्हणून दोन सुटी बेटं करा. काचेपासून तीन-चार इंच दूर, म्हणजे काच पुसायचं चुंबक फिरेल. दगड आधी तळावर पक्का बसवा, वाळू नंतर ओता. वाळूवर ठेवलेला दगड खालून उकरला गेला की ढासळतो. प्रत्येक माशाला शिरायला एक तरी कपार हवी, हे किलोपेक्षा आधी मोजा.

आता समुद्रातल्या दगडाबद्दल. तो बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळांचा सांगाडाच असतो. आपल्याकडे पाषाण-प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा विकणं हाही गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि बांधकामासाठी कित्येक वर्षं प्रवाळ खणले गेले. तिथल्या २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. किनाऱ्याला लाटांपासून वाचवणारी भिंत आपणच तोडून नेली. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. दिवाणखान्यातल्या टाकीसाठी त्यांचा एक तुकडाही निघता कामा नये.

पर्याय अवघड नाही. जमिनीवरच्या जुन्या चुनखडीच्या खाणींतला किंवा सिमेंट-सिरॅमिकपासून बनवलेला ड्राय रॉक घ्या. तो धुवा, मांडा, खारं पाणी भरा, थोडा अमोनिया घाला आणि बाटलीतले जिवाणू सोडा. जमलं तर ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतला मुठीएवढा तुकडा मागून त्यात ठेवा, तेवढं विरजण पुरतं. मग चार ते सहा आठवडे मासा आणायचा नाही. टेस्ट किटवर घातलेला अमोनिया दिवसभरात शून्यावर येतोय आणि नायट्राइटही शून्य आहे, असं दिसलं की पहिला मासा. घाई केलीत तर किंमत तो मासा मोजतो.

दगड घ्यायला जाल तेव्हा वजनाआधी एकच विचारा: हा आला कुठून? ‘समुद्रातला, एकदम ताजा’ असं उत्तर आलं, तर तो दगड खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा.