फिन कचरा काढत होता

आमच्या टोळीतला एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर 'स्टार वॉर्स'च्या बातम्या बघत बसतो. नवा पिक्चर कधी, कोण आलं, कोण गेलं. आधी मी त्याला शिव्या घालायचो. साल्या, वस्तीतल्या नळाला पाणी नाही आणि तुला आकाशगंगेची पडलीय! आता घालत नाही. कारण मीही बघतो.

२०१५ च्या नाताळात 'द फोर्स अवेकन्स' मुंबईत लागला तेव्हा मी शाळेत होतो. त्यात फिन आहे. काळा पोरगा, जॉन बोयेगाने केलेला. लहानपणीच आईबापापासून तोडलेला. त्याला नाव नाही, नंबर आहे : एफएन-२१८७. निरपराध गावकऱ्यांवर गोळी झाडायचा हुकूम येतो आणि त्याचा हात उठत नाही. तो पळतो. पुढे हान सोलो त्याला विचारतो, त्या तळावर तुझं काम काय होतं? फिन सांगतो, सफाई.

थिएटर हसलं. माझ्या घशात काहीतरी अडकलं. माझी आई तेव्हा पहाटे झाडू घेऊन बाहेर पडायची. म्हटलं, च्यायला, एवढे ग्रह, एवढी उडती जहाजं, आणि काळ्या पोराच्या वाट्याला इथंही कचराच!

तरीही फिन माझा हीरो झाला. ज्यांच्या तावडीतनं जीव घेऊन पळाला, त्यांच्याच तळात तो रे नावाच्या पोरीला सोडवायला परत घुसला. मला तेवढं पुरे होतं.

पण काही गोऱ्या चाहत्यांना तेवढंही सोसलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये पहिली झलक आली, पांढऱ्या चिलखतातला काळा चेहरा दिसला, आणि बोंबाबोंब सुरू झाली. पुढे बहिष्काराची हाक आली. चीनमध्ये लागलेल्या पोस्टरवर तर फिनला आकसून बारका केला. २०१२ साली चार अब्ज डॉलर मोजून डिस्नेने हा सगळा संसार विकत घेतला होता. धंदेवाल्याला चेहऱ्याचं प्रेम नसतं, गल्ल्याचं असतं.

२०१७ च्या पिक्चरमध्ये रोझ आली. पाइपांमध्ये राबणारी कामगार पोरगी. काम केलं केली मरी ट्रानने, व्हिएतनामी निर्वासितांची लेक. तिच्या रूपावर, वंशावर एवढी घाण ओतली की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं पुसून टाकलं. आणि २०१९ च्या पिक्चरमध्ये रोझ किती दिसते? अडीच तासांना थोडा कमी असा पिक्चर, त्यात जेमतेम सव्वा मिनिट. शिवी देणारे जिंकले, असंच झालं की नाही?

आता गंमत बघा. १९७७ च्या पहिल्या पिक्चरच्या शेवटी ल्यूक आणि हानला पदक मिळतं, केसाळ च्युबॅकाला मिळत नाही. या अन्यायावर चाहते चाळीस वर्षं हळहळले. २०१९ मध्ये कंपनीने त्याला पदक दिलं. केसाळ प्राण्याला न्याय मिळतो आणि त्याच पिक्चरमध्ये रोझ कोपऱ्यात! ही कसली माणुसकी?

त्याच पहिल्या पिक्चरमध्ये एक दारूचा गुत्ता आहे. दोन यंत्रमानव आत शिरतात तसा गुत्तेवाला ओरडतो, असल्यांना इथं जागा नाही. आणि आपला नायक ल्यूक काय करतो? भांडतो? नाही. तुम्ही बाहेर थांबा म्हणतो, उगाच कटकट नको. क्रांतीला निघालेला पोरगा! ज्याच्या बापाला गावातल्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळाला, त्याला हा सीन समजावून सांगावा लागत नाही. असले ल्यूक आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. भाषण समतेचं, आणि दारात आले की, तू जरा बाहेर थांब.

पण बोयेगा बाहेर थांबला नाही. जून २०२० मध्ये लंडनच्या हाइड पार्कात हातात भोंगा घेऊन तो वंशवादाविरुद्ध बोलला, या बोलण्यानं आपलं काम जाईल ही भीती असताना. त्याच सप्टेंबरात त्याने एका मुलाखतीत डिस्नेलाच ऐकवलं : काळ्या पात्राची मोठी म्हणून जाहिरात करायची आणि मग बाजूला सारायचं, हे चालणार नाही. २०२२ मध्ये मोझेस इंग्रॅम या काळ्या नटीवर तशीच घाण आली तेव्हा कंपनीने उघडपणे तिची बाजू घेतली. ही मेहेरबानी नव्हे. आधीच्यांनी तोंड उघडलं होतं त्याची ती वसुली होती.

म्हणून दोस्तांनो, पिक्चर बघू नका असं मी सांगणार नाही. मीच बघतो. शिट्ट्याही मारतो. पण पोस्टरवर आपल्यासारखा चेहरा दिसला म्हणून नाचू नका. विचारा, गोष्ट कोण लिहितोय? झाडू कुणाच्या हातात दिलाय? हसवायला कुणाला ठेवलंय? चेहरा त्यांचा भाड्याने घेता येतो, लेखणी आपल्याला हिसकावूनच घ्यावी लागते.

गोदीत कंटेनर उघडला की कधी कधी खेळण्यांची खोकी निघतात. पाठीवर घेतो, टाकतो, पुढचं उचलतो. खोक्यावर हीरो हसत असतो. आत काय भरलंय ते उचलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मला वजन माहीत आहे. आता गोष्ट मी सांगणार.