अशोकाची साल आणि आदराचा अर्थ

औषधी वनस्पतींविषयी दोन मते ठासून मांडली जातात. पहिले असे की, वनस्पती हा कच्चा माल आहे. गुण तिच्यातील रसायनांत असतो, तेव्हा तिच्याविषयी आदराची भाषा निव्वळ भाबडेपणा होय. दुसरे असे की, झाडाला हात जोडून साल काढली की कर्तव्य संपले. सीतेच्या अशोकापुढे ही दोन्ही मते टिकत नाहीत.

सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणाऱ्या या सदाहरित झाडाची साल स्त्रीरोगांवर वापरतात. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधातील मुख्य घटक तीच. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. खोडाभोवती पूर्ण वेढा घालून साल सोलली की ही वाट तुटते, मुळे उपाशी राहतात आणि झाड वाळते. सोलणाऱ्याचे पोते एकदाच भरते. जंगलातला अशोक असा विरळ होत गेला. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याची नोंद असुरक्षित प्रजातींत केली आहे. खरी साल मिळेनाशी झाली की रस्त्याकडेच्या सरळसोट खोट्या अशोकाची साल भेसळीला येते. झाडाची हेळसांड शेवटी रोग्यालाच भोवते. रसायनांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

दुसऱ्या मताचा आधार परंपरा. वनस्पती गोळा करणाऱ्याने शुचिर्भूत होऊन पूजन करावे, असे चरकसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे, हे खरे. पण साल शरदात घ्यावी, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत, हा नियमही तिथेच आहे. पूजा तेवढी उचलायची आणि ऋतूचे पथ्य सोडायचे, हे परंपरेचे पालन नव्हे. सोललेले खोड नमस्काराने भरून येत नाही.

आदर म्हणजे घेताना मर्यादा पाळणे आणि घेतल्यावर परत देणे. वाढलेल्या झाडाची साल एकाच बाजूने, अरुंद उभ्या पट्टीत काढावी. जखम भरेपर्यंत पुन्हा कोयता लावू नये. बी ताजे असतानाच रुजवून रोपे ओढ्याकाठी लावावीत. संयमाने साल काढणाऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत, नाहीतर तो संयम टिकणार नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद केली आहे. गावच्या अशोकांची नोंद तिथे व्हावी. आणि अशोकारिष्ट बनवणाऱ्याने, देणाऱ्याने व घेणाऱ्याने साल कुठून आली व कशी काढली, हे विचारल्याशिवाय राहू नये.