नाव ठेवलं, जमीन नेली



अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचं राज्य आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचं काय? पण हे नाव इंग्रजी नाही, तिथल्या चोक्टॉ आदिवासींच्या बोलीतलं आहे. ओक्ला म्हणजे लोक, होम्मा म्हणजे लाल. लाल माणसांचा मुलूख.

चोक्टॉंची मूळ जमीन मिसिसिपीत. १८३० साली सरकारनं कायदा केला आणि त्यांना, चेरोकींना, इतर जमातींना पश्चिमेला हाकललं. वाटेत थंडीनं, भुकेनं, रोगानं हजारो मेले. नवी जमीन कायमची तुमची, असं कागदावर लिहून दिलं.

१८६६ ला सरकारनं नवे करार करून त्यातलाही बराच मुलूख काढून घेतला. त्याच बोलण्यांत चोक्टॉंचे प्रमुख ॲलन राइट यांनी हे नाव सुचवलं. २२ एप्रिल १८८९ ला भर दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सुमारे ५० हजार माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून जवळपास २० लाख एकरांवर तुटून पडली. जो आधी खुंटा ठोकील त्याची जमीन! पुढे जमातींच्या सामाईक जमिनीचेही तुकडे करून माणशी वाटले. तुकडे झाले, मग लबाडीनं, कर्जापोटी एकेक घशात घालणं सोपं झालं. १९०५ ला आदिवासींनी सेक्वोया नावाचं स्वतःचं राज्य मागितलं. दिलं नाही. १९०७ ला सगळं मिळून ओक्लाहोमा राज्य झालं.

आता पुढचं ऐका. काहीजण त्या दुपारच्या आधीच चोरून आत घुसले होते. त्यांना ‘सूनर’ म्हणत, म्हणजे वेळेआधी घुसलेला. तेव्हा ती शिवी होती. आज लोक त्या राज्याला कौतुकानं ‘सूनर स्टेट’ म्हणतात. तिथल्या विद्यापीठाचे खेळाडूसुद्धा ‘सूनर्स’. आणि १९३० नंतरच्या दुष्काळात त्याच राज्यातले गरीब शेतकरी कॅलिफोर्नियात मजुरीला गेले, तर त्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवलं.

म्हणजे बघा, घुसखोराच्या नावाचा मान झाला, भूमिहीनाच्या नावाची शिवी झाली. आपण आजापणजापासून कसतो त्या जंगलजमिनीवर कागदोपत्री आपण ‘अतिक्रमणदार’. कोणाला काय म्हणायचं, हे ज्याच्या हातात जमीन तोच ठरवतो.

म्हणून माझं म्हणणं असं. उद्या कोणी आपल्या देवाचं, आपल्या वीराचं नाव रस्त्याला, योजनेला दिलं तर लगेच हार घेऊन धावू नका. आधी विचारा, सातबारा कोणाच्या नावावर आहे? नाव पाहिजेच, पण जमिनीसकट पाहिजे.

जिंदाबाद!