शाळांच्या कारभाराला कारभारी हवा

लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे निकाल लागले की वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात ती उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक आणि तहसीलदार झालेल्या तरुणांची. महाराष्ट्र शिक्षण सेवेतील पदेही याच आयोगामार्फत भरली जातात. परंतु त्या पदावर निवड झालेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले गेले तरी ‘पुढच्या वेळी आणखी वर जाईल’ हा दिलासा त्या पेढ्यांबरोबर दिला जातोच. ज्याच्या हाती तालुक्यातील सगळ्या प्राथमिक शाळा सोपवायच्या, त्याचे पद होतकरू तरुणांच्या पसंतिक्रमात इतके खाली का असावे? हा प्रश्न वरवर एका नोकरीच्या प्रतिष्ठेचा दिसतो. वस्तुतः तो राज्याच्या अग्रक्रमांचा प्रश्न आहे.

शिक्षणासंबंधी आपल्याकडे चर्चा होते ती एक तर धोरणाची, नाही तर शिक्षकाची. धोरण कागदावर उत्तम उतरले आणि वर्गात पोचले नाही की दोष शिक्षकाच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. पण मंत्रालयातील कागद आणि वर्गातील फळा यांच्यामध्ये एक लांबलचक वाट आहे. त्या वाटेवर केंद्रप्रमुख आहे, विस्तार अधिकारी आहे, गटशिक्षणाधिकारी आहे, शिक्षणाधिकारी आणि उपसंचालक आहे. या माणसांची निवड कशी होते, त्यांना कोणते शिक्षण मिळते, त्यांचा दिवस कशात जातो, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

दिपोटीपासून प्रभारीपर्यंत

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षणखाती स्थापन झाली. मराठी खेड्याला या खात्याचे दर्शन घडले ते ‘दिपोटी’च्या रूपाने. डेप्युटी इन्स्पेक्टर या पदनामाला ग्रामीण जिभेने दिलेले हे वळण. दिपोटी यायचा म्हणजे शाळा सारवली जायची, मुले धुतलेल्या कपड्यांत यायची आणि मास्तरांच्या पोटात गोळा यायचा. त्या व्यवस्थेत धाक फार होता आणि मार्गदर्शन थोडे. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दिपोटी मुलाला पुढे बोलावून धडा वाचायला लावी. मूल शिकले की नाही हे तो स्वतःच्या कानांनी ऐके.

ही व्यवस्था अपुरी आहे हे महात्मा फुल्यांनी फार लवकर ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि शिक्षकांच्या योग्य वेतनाची मागणी आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनात देखरेखीच्या पद्धतीवरही त्यांनी बोट ठेवले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीने फारसे काही साधत नाही, शाळांची तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी आणि काही वेळा ती पूर्वसूचना न देता व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. शाळा काढणे हे काम अर्धेच आहे, ती चालवणे हे उरलेले अर्धे, याची जाण त्या निवेदनात स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राने या बाबतीत एक धाडसी पाऊल टाकले. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कायदा १९६१ मध्ये झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा लोकनियुक्त संस्थांच्या ताब्यात गेल्या. खेड्यापाड्यांत शाळा पोचली त्याचे मोठे श्रेय या रचनेला आहे. पण शाळा वाढल्या त्या प्रमाणात शाळांकडे पाहणारी यंत्रणा वाढली नाही. आज शिक्षण विभागाच्या कोणत्याही कार्यालयात ‘प्रभारी’ हा शब्द इतका कानी पडतो की तेच एक पद असावे असे वाटू लागते. एकाच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन कार्यभार अडकवलेले असतात. ज्याने शाळेत जाऊन वर्गात मागच्या बाकावर बसायचे, तो कार्यालयात बसून माहितीचे तक्ते भरून घेतो. शाळांची माहिती, विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराची माहिती, वेतनाची माहिती, आणि ही माहिती भरली गेली की नाही याची पुन्हा माहिती! दिपोटीने निदान मूल वाचताना ऐकले होते. आजच्या अधिकाऱ्याला मूल भेटते ते संगणकाच्या पडद्यावर, एका आकड्याच्या रूपात.

एका कारभाऱ्याचे चरित्र

शिक्षणाचा कारभार हे बुद्धिमान माणसाने आयुष्य वेचावे असे क्षेत्र आहे काय, अशी शंका कोणाला असेल तर त्याने जे. पी. नाईक यांचे चरित्र पाहावे. १९०७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा मुलगा स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात साक्षरतेच्या आणि ग्रामसुधारणेच्या कामाला लागला. पुढे कोल्हापूर संस्थानाच्या प्रशासनात त्यांनी विकासाची कामे केली आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते अग्रभागी राहिले. १९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत त्यांनी ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला तेव्हा त्याचे सदस्य-सचिव नाईक होते. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची घडीही त्यांनीच बसवली. १९८१ मध्ये ते निवर्तले.

या चरित्रातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी खेड्यातील साक्षरता, मग संस्थानाचा कारभार, मग इतिहासाचा अभ्यास आणि त्यानंतर राष्ट्राचे धोरण. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन उद्दिष्टांचा मेळ घालणे भारतीय शिक्षणाला किती अवघड जाते, हे नाईकांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात मांडले. हा त्रिकोण त्यांना केवळ ग्रंथालयात सापडला नव्हता. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनीही हीच वाट चोखाळली. महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक, पुढे नियोजन मंडळाच्या सदस्य, आणि या सर्व काळात शाळेबाहेर राहिलेल्या ग्रामीण मुलामुलींच्या अनौपचारिक शिक्षणाच्या प्रवर्तक. धोरण लिहिणारा हात आणि शाळेच्या ओट्यावर बसलेला माणूस एकच असू शकतो, याची ही दोन उदाहरणे महाराष्ट्राच्याच मातीतली आहेत.

स्वतंत्र सेवेचा रेंगाळलेला प्रश्न

अशी माणसे योगायोगाने मिळावीत, की ती घडवण्याची व्यवस्था असावी? ब्रिटिशांच्या काळी भारतीय शिक्षण सेवा नावाची एक सेवा होती. १९२४ च्या ली आयोगानंतर तिची भरती थांबली. १९६५ मध्ये राज्यसभेने अखिल भारतीय शिक्षण सेवेच्या बाजूने ठराव केला, १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने तिचा पुरस्कार केला, १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तिचा उच्चार केला आणि २०१६ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन समितीने पुन्हा तीच शिफारस केली. ती सेवा अद्याप अस्तित्वात आलेली नाही.

या सेवेविरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत. शाळा राज्यांच्या आहेत. दिल्लीत निवडलेला अधिकारी स्थानिक भाषा आणि परिस्थिती यांना परका राहील, आणि आणखी एक नोकरशाही तेवढी उभी राहील, ही भीती रास्त आहे. परंतु सध्याचा पर्याय काय आहे? खात्याच्या शिखरावर भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी असतो. तो कर्तबगार असला तरी आज शिक्षण, उद्या मत्स्यव्यवसाय, परवा एखादे महामंडळ, असा त्याचा प्रवास. शाळेतील सुधारणेचे फळ दिसायला पाच-सात वर्षे लागतात. बदलीचा आदेश त्याच्या किती तरी आधी येतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्याला लाभ पाहायलाच राहायचे नाही, तो दीर्घ मुदतीची गुंतवणूक करीत नाही. तो उद्घाटन करतो. म्हणून अखिल भारतीय सेवेची वाट न पाहता राज्याने आपली शिक्षण सेवाच सकस करावी, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

जमाखर्चात न दिसणारा खर्च

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तरादाखल लहान शाळांचा प्रश्न घ्या. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले आणि त्यांचे समूहशाळांत रूपांतर करण्याचा विचार सुरू झाला. कागदावरचा हिशेब सरळ आहे. नऊ मुलांसाठी दोन शिक्षक म्हणजे दर मुलामागे खर्च अफाट. शाळा बंद करा, मुलांना मोठ्या शाळेत न्या, वाहनभाडे द्या, पैसा वाचेल आणि सोबत्यांत शिकल्याने मुलांचेही भले होईल. यातील शेवटचा मुद्दा खोटा नाही. चार इयत्तांची नऊ मुले एका खोलीत बसवून त्यांना शिकवणे दुष्कर आहे, हे शिक्षकही सांगतील.

परंतु सरकारी तिजोरीतून वाचलेला खर्च नाहीसा झालेला नसतो; पुष्कळदा तो फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो. वाडीतल्या मुलीला ओढा ओलांडून जावे लागले, पावसाळ्यात वाहन आलेच नाही, सोबतीला मोठी बहीण धाडावी लागली आणि तिचीही शाळा बुडाली, तर हा खर्च कोणत्या लेखाशीर्षात दाखवायचा? शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून प्राथमिक शाळा घराजवळ असणे हा मुलाचा हक्क ठरवला तो यासाठीच. कोणती शाळा मिटवल्याने मुलांचे भले होईल आणि कोणती मिटवल्याने मुलगी घरी बसेल, हे पटसंख्येच्या तक्त्यावरून कळत नाही. ती वाट ज्याने पायांनी तुडवली आहे आणि जो सांगतो ते लिहून ठेवण्याचे बळही ज्याच्यापाशी आहे, अशा अधिकाऱ्यालाच ते कळते. तसा अधिकारी तालुक्याला नसेल तर निर्णय तक्ता घेईल. आणि तक्त्याला ओढा दिसत नाही.

दुसरी बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराचे प्रकरण २०२१ मध्ये पुण्यात उघडकीस आले. बनावट ‘शालार्थ’ ओळखक्रमांकांवर वेतन काढल्याचे प्रकरण २०२५ मध्ये नागपूर विभागात गाजले. दोन्हींत शिक्षणखात्यातील वरिष्ठांना अटक झाली. व्यक्तींचा न्यायनिवाडा न्यायालये करतील. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. ज्या कार्यालयात मान्यता, वेतन, बदली आणि अनुदान यांच्या किल्ल्या एकवटतात आणि अध्यापनाशी मात्र संबंध उरत नाही, तेथे किल्लीचे मोल वाढत जाते आणि विद्येचे घटत जाते. कोठारी आयोगाने प्रशासन आणि शैक्षणिक पर्यवेक्षण यांची फारकत करावी असे सुचवले होते. सहा दशकांनंतरही त्या सूचनेची निकड तसूभर कमी झालेली नाही.

काय करता येईल

करण्यासारख्या गोष्टी खर्चिकही नाहीत. पहिली, रिक्त पदे ठरावीक मुदतीत भरावीत आणि ‘प्रभारी’ ही अपवादात्मक अवस्था राहावी. दुसरी, वेतन, मान्यता आणि चौकशा यांचे काम एका शाखेकडे, शाळाभेटी आणि शिक्षकांना साहाय्य हे काम दुसऱ्या शाखेकडे द्यावे. तिसरी, शिक्षण सेवेत येणाऱ्या प्रत्येकाला आरंभी निदान एक वर्ष प्रत्यक्ष वर्गात शिकवायला लावावे, आणि उत्तम शिक्षकाला या सेवेत वर चढण्याची वाट खुली ठेवावी. चौथी, एका जागी निदान चार-पाच वर्षे राहण्याची हमी द्यावी. त्याखेरीज कामाचा जाब विचारता येणार नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत, हे कोठारी आयोगाचे उद्दिष्ट १९६८ च्या धोरणाने स्वीकारले आणि २०२० च्या धोरणानेही पुन्हा उच्चारले. ते आजवर गाठलेले नाही. परंतु उद्या ते सहा टक्के मिळालेच, तर तो पैसा नेटका खर्च करणारी माणसे कोठे आहेत, याचाही जबाब आज तयार हवा.

स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांतून रात्री जागवणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की पसंतिक्रम भरताना शिक्षण सेवेपुढचा आकडा एकदा पुन्हा तपासून पाहा. तेथे लाल दिवा नाही आणि सलामही थोडे. पण दिवसाकाठी शेकडो अर्जांवर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याला ज्याची हमी देता येत नाही ते समाधान, म्हणजे काल न वाचणारे मूल आज वाचते आहे हे पाहण्याचे समाधान, येथे मिळू शकते. शिक्षकांनाही एक विनंती आहे. वर्गात येणारा प्रत्येक अधिकारी हा छिद्रान्वेषी आहे असे गृहीत धरू नका; जो मागच्या बाकावर बसून ऐकतो त्याला बसू द्या. आणि शासनाला सांगायचे ते फुल्यांनी १८८२ मध्येच सांगून ठेवले आहे: शाळेकडे वारंवार आणि डोळे उघडे ठेवून पाहणारा माणूस नेमा. त्या मागणीला दीड शतक होत आले. ती पुरी करण्यासाठी आणखी एका आयोगाची गरज नाही.