फळांवरची फिर्याद

वजन उतरविण्याचा निश्चय केलेली माणसे आधी भात सोडतात, मग साखर सोडतात, आणि अलीकडे फळेही सोडू लागली आहेत. फळांत फ्रुक्टोज असते, यकृतात त्याचा मेद होतो, सबब पेरू आणि पेढा एकाच माळेचे मणी, अशी ही फिर्याद आहे. या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांतून ती वारंवार दाखल होत असल्यामुळे तिची एकदा रीतसर तपासणी होणे अगत्याचे आहे.

फिर्यादीत तथ्यांश आहे. ग्लुकोजचा विनियोग शरीरातील बहुतेक सर्व पेशी करतात, परंतु फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो, आणि गरजेपेक्षा अधिक उष्मांकांसह ते सातत्याने येत राहिले तर यकृत त्यातील काही अंशाचे मेदात रूपांतर करते, हे शास्त्रसंमत आहे. मात्र एकूण उष्मांक कायम राखून अन्य पिष्टमय पदार्थांच्या जागी फ्रुक्टोज दिले असता वजन वाढत नाही. ते वाढते, आहे त्या आहारावर त्याची भर घातली म्हणजे. तेव्हा शर्करा कोणत्या रूपाने आणि किती वेगाने पोटात जाते, इकडे लक्ष वळविणे प्राप्त आहे.

1977 साली ‘लॅन्सेट’मध्ये हेबर व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. 10 निरोगी व्यक्तींना त्यांनी सफरचंद तीन रूपांत दिले, अखंड, गर करून आणि रस काढून, आणि शर्करादी पदार्थांचे प्रमाण तिन्ही वेळी 60 ग्रॅम ठेवले. रस अखंड फळापेक्षा अकरा पट वेगाने संपविता येत होता. वेग समान करूनही तृप्ती रसाने सर्वांत कमी आणि अखंड फळाने सर्वांत अधिक झाली. शिवाय रसानंतर रक्तशर्करा चढून झपाट्याने खाली आली, तशी ती अखंड फळानंतर आली नाही.

आपल्या पंगतीत याचा प्रत्यय दर वैशाखात येतो. 100 ग्रॅम आंब्यात उष्मांक साठाच्या आसपासच असतात, आणि फोडी चावून, कोय चोखून एक आंबा खाणारा मनुष्य बहुधा तिथेच थांबतो. पण वाटीतल्या आमरसात दोन-तीन आंबे सहज जिरतात, वर साखर, तुपाची धार, जोडीला पुऱ्या आणि यजमानांचा आग्रह, आणि एवढे झाल्यावर वाढलेल्या वजनाचा दोष एकट्या आंब्याच्या माथी मारला जातो, हा उघड अन्याय होय. उपवासाच्या खजुराची गोष्ट निराळी. 100 ग्रॅम खजुरात उष्मांक सुमारे 280, तर तेवढ्याच पेरूत 68 आणि वर पाच ग्रॅम तंतू.

जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 सालच्या मार्गदर्शिकेत ज्या शर्करेवर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, तीत मध आणि फळांचा रस धरला आहे, अखंड फळातील शर्करा वगळली आहे.

मधुमेहींनी फळांचे प्रमाण आपल्या वैद्यांस विचारूनच ठरवावे. इतरांस मात्र माझी आग्रहाची विनंती आहे की, सोडलेला पेरू पुन्हा सुरू करावा, तो दुपारच्या चहाबरोबरच्या बिस्किटांच्या जागी खावा, आणि काही बंद करावयाचेच असेल तर सकाळचा तो गाळलेला रस बंद करावा.