थकवा नव्हे, हे दुसरंच



गेल्या शब्बाथला भाची घरी आली होती. ती कोविड वॉर्डात नर्स होती. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, तो टॅब्लेट अजून हातात आहे असं वाटतं." २०२० च्या वसंतात नातेवाइकांना वॉर्डात बंदी होती. पेशंटचा शेवट जवळ आला की हिने टॅब्लेट त्याच्या तोंडासमोर धरायचा, आणि पलीकडून मुलं "आब्बा, आब्बा" करायची. एका बाईने खालून फोन केला, "मी पार्किंगमध्येच आहे, पाच मिनिटं वर येऊ द्या." हिने नियम सांगितला.

त्यावेळी मी तिला म्हटलं होतं, थकलीस गं, रजा घे, झोप काढ. इतकी वर्षं नर्सिंग करून मला एवढंच सुचलं! थकवा झोपेने जातो. हे जात नाही.

याला नाव आहे. १९८४ साली अमेरिकेत अँड्र्यू जेमटन यांनी नर्सिंगवरच्या पुस्तकात लिहिलं, की योग्य काय ते नर्सला कळतं, पण संस्थेपुढे तिला ते करता येत नाही. त्यातून होते ती तगमग म्हणजे 'मॉरल डिस्ट्रेस'. ती साचून राहिली की 'मॉरल इंज्युरी', मनाची जखम. हा शब्द डॉ. जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना पुढे आणला.

नियम खोटा होता असं मी म्हणत नाही. तेव्हा लस नव्हती, पोशाखसुद्धा मोजके. पण एप्रिल २०२० मध्येच तेल अवीवच्या इखिलोव्हने नातेवाइकांना पोशाख चढवून निरोपाला आत सोडायला सुरुवात केली. भाची म्हणते, "तेच तर बोचतं. होऊ शकत होतं ना?" (त्याच जुलैत इथल्या नर्सेसनी संप केला, तो पगारासाठी नव्हे, माणसं वाढवा म्हणून. हे लोक विसरतात.)

मग मीही तिला माझी एक गोष्ट सांगितली. साल १९७६ असेल. भेटीची वेळ संपली होती. एका आजारी माणसाची बायको जाईना. आपल्यातलीच, हिब्रू येत नव्हतं, म्हणून हेड सिस्टरने मलाच पुढे केलं. ती मराठीत विनवत होती, मी मराठीतच तिला घरी पाठवलं. पहाटे तो गेला.

भाचीने विचारलं, "त्यांना पुन्हा भेटलीस?"

नाही. पुढे बरीच वर्षं त्या बाजारात दिसायच्या. मी दुसऱ्या रस्त्याने जायची.