आधी कीर्द, मग खतावणी

पेढीचा सुवर्णमहोत्सव, आजोबांचा अमृतमहोत्सव, वडिलांचे पुण्यस्मरण अशा निमित्तांनी व्यापारी कुटुंबांत स्मरणिका निघतात. कागद उंची असतो, छपाई सुबक असते. पण वाचू लागले की सर्व थोर पुरुष एकसारखे दिसू लागतात. सारेच कष्टाळू, दानशूर, धर्मपरायण आणि मितभाषी. एकाचे नाव काढून दुसऱ्याचे घातले, तरी मजकुरात फरक करावा लागत नाही. ज्याच्यासाठी लेख लिहिला, तो माणूसच त्यात सापडत नाही. नातवंडे छायाचित्रे पाहतात आणि अंक कपाटात जातो.

असे का होते, याचे उत्तर पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याने आपल्या लेखणीने देऊन ठेवले आहे. बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूरच्या श्रीमाळ कुटुंबात झाला. वडील खरगसेन जवाहिऱ्यांचा व्यापार करीत. बनारसीदासांनी १६४१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, आग्र्यात आपले आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांनी त्याला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. ६७५ पद्यांचा हा ग्रंथ त्यांनी पंडिती भाषेत न लिहिता मध्यदेशाच्या बोलीत लिहिला. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

या ग्रंथाचे बळ त्यातील नोंदींत आहे. आग्र्यात व्यापार बुडाला, तेव्हा बनारसीदासांनी सहा-सात महिने एका कचोरीवाल्याकडे उधारीवर पोट भरले. पुढे पैसे हाती येताच हिशेब चुकता केला : १४ रुपये. ‘ते दिवस अत्यंत हलाखीचे होते’ असे एखादे वाक्य लिहून भागले असते. पण कचोरी आणि १४ रुपये हे तपशील वाचक विसरत नाही. १६०५ मध्ये अकबराच्या मृत्यूची वार्ता जौनपुरात आली. ती ऐकताच बनारसीदास पायऱ्यांवरून कोसळले आणि त्यांचे डोके फुटले. बाजार बंद झाला, लोकांनी दागिने जमिनीत पुरले, श्रीमंतांनीही जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढवली. एका राज्याची उलथापालथ एका गावातील बंद दुकानांतून समजते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू असतात. स्मरणिकेत मात्र केवळ जमेची बाजू उरते. बनारसीदासांनी दोन्ही बाजू लिहिल्या. नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली, हे त्यांनी लपवले नाही. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी आपल्या गुणांसोबत दोषही मोजून मांडले. धनाचा मोह आणि एकांतात नाचण्याची सवयदेखील त्यांत आहे. ‘समयसार नाटक’ रचणाऱ्या या कवीचा मान त्यामुळे तसूभरही उणा झाला नाही.

घरातील इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने हीच शिस्त पाळावी. ती पेढीवर बसणाऱ्याला नवी नाही. आधी कीर्द लिहितात, मग खतावणी. म्हणून प्रथम एका वहीत रोज एकच प्रसंग टिपावा : साल, गाव, माणसे, वस्तू, भाव. या वेळी भाषेची चिंता करू नये. वृद्धांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले, तर ते दोन वाक्यांत थांबतात. ‘पहिल्या दुकानाचे भाडे किती होते? माल गाडीने येई की बैलगाडीने? पहिली मोठी उधारी कोणत्या वर्षी बुडाली?’ असे विचारले, की बोलणे सुरू होते. जुना तराजू, एखादी पावती किंवा मोडीतील वही त्यांच्या पुढे ठेवावी. ती मोडी वाचणारा माणूस शोधून महत्त्वाची पाने उतरवून घ्यावीत. ज्यांना त्या पानांतील नावे ओळखता येतात, ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

पुरेशा नोंदी जमल्या, की खतावणीला बसावे. दुकान, प्रवास, आजारपण, उधारी, लग्नकार्ये अशी खाती पाडावीत. ज्या खात्यात सर्वाधिक नोंदी, तेथून लेखाचा आरंभ करावा. जन्मतारखेपासून केलाच पाहिजे असे नाही. दोन भावांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवाव्यात. अनेकान्त मानणाऱ्या घरात त्याचा संकोच वाटू नये.

शेवटी ताळा पाहावा. मजकूर मोठ्याने वाचावा. प्रत्येक विशेषणापुढे थांबून त्याचा पुरावा देणारा प्रसंग लेखात आहे का, ते तपासावे. प्रसंग असेल तर विशेषणाची गरज उरत नाही. नसेल तर ते विशेषण निराधार ठरते. हयात व्यक्तीच्या कर्जाविषयी अथवा कलहाविषयी लिहिण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. ती न मिळाल्यास तो भाग गाळावा. स्वतःचे नुकसान मात्र गाळू नये. आणि लिहिलेले सर्व जपण्याजोगे नसते, हेही ध्यानात ठेवावे. तरुणपणी रचलेले सुमारे हजार पद्यांचे शृंगारकाव्य बनारसीदासांनी स्वतःच्या हाताने गोमतीत सोडले होते.

येत्या दिवाळीत वहीपूजनासाठी एक कोरी वही अधिक आणावी. पाडव्याच्या दिवशी घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला एकच प्रश्न विचारावा आणि तिचे उत्तर, तिच्याच शब्दांत, तारीख घालून पहिल्या पानावर लिहावे.